मेम्ब्रेन शिकायला तीन महिने परक्या प्रयोगशाळेत: नेमकं काय शिकून यावं?

ओली_पट्टी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. विषय नॅनोफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पडद्यातून (मेम्ब्रेन) पाणी गाळणं. कापड रंगवून झाल्यावर जे पाणी उरतं त्यातला रंग अडवायचा आणि मीठ पलीकडे जाऊ द्यायचं, असं मेम्ब्रेन बनवतेय. पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या सच्छिद्र आधारपट्टीवर पिपराझिन (एक अमाइन) आणि टीएमसी (ट्रायमेसॉइल क्लोराइड) यांच्या अभिक्रियेतून होणारा पातळ थर. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात दहा पट्ट्या केल्या की चार बऱ्या निघतात, आणि त्या चारच का बऱ्या निघाल्या हे मला सांगता येत नाही.

आता तीन महिने बाहेरच्या देशात जाऊन काम करायची संधी आलीय. तीन गटांनी होकार दिलाय. पहिला मेम्ब्रेन बनवण्यात मुरलेला, त्यांच्याकडे आधारपट्टी ओतायचं कास्टिंग मशीन आहे, नळीसारखे पोकळ तंतू कातायचं यंत्रही आहे. दुसरा शुद्ध मॉडेलिंगवाला. तिसऱ्याचं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात पायलट युनिट आहे.

मार्गदर्शक म्हणतात, पेपर लवकर निघेल तिथे जा. मला वाटतं, परत आल्यावर दहापैकी आठ पट्ट्या बऱ्या निघाल्या पाहिजेत. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा: तीन महिन्यांत खरंच काय होतं?

शंकासुर

काय होतं? पहिला महिना ओळखपत्र आणि सुरक्षा प्रशिक्षणात, दुसरा यंत्र मोकळं होण्याची वाट बघण्यात, तिसरा अहवाल लिहिण्यात. शेवटच्या दिवशी सगळ्यांबरोबर फोटो. हलके घ्या, पण फार खोटं नाही.

पोकळ_तंतू

शंकासुरांचं मनावर घेऊ नका, त्यांना सगळ्यातच शंका असते. तरी पहिल्या महिन्याबद्दल बरोबर बोलताहेत. त्यावर उपाय आहे, तो शेवटी लिहितो.

मी पोस्टडॉक आहे आणि आतापर्यंत तीन देशांत मेम्ब्रेन बनवलीत. तुमचे दहापैकी चारचे आकडे वाचून बरं वाटलं, कारण माझेही तेवढेच होते.

इंटरफेशियल पॉलिमरायझेशनच्या (दोन द्रावणांच्या सीमेवर थर बनवायच्या पद्धतीच्या) कोणत्याही पेपरची कृती उघडा. आधारपट्टी अमाइनच्या द्रावणात दोन मिनिटं भिजवली, जास्तीचं द्रावण काढून टाकलं, मग टीएमसीचं हेक्झेनमधलं द्रावण ओतलं. यातलं 'जास्तीचं द्रावण काढून टाकलं' हे अर्धं वाक्य म्हणजे अख्खं मेम्ब्रेन आहे. कोणी रबरी रोलर फिरवतं, कोणी हवेचा झोत मारतं, कोणी पट्टी नुसती उभी धरून निथळू देतं. एक थेंब मागे राहिला की तिथे थर धड बसत नाही आणि मीठ सरळ पलीकडे. जास्त कोरडी केली की थरच तुटक होतो. रोलर किती जोरात दाबायचा हे पेपरात लिहिता येत नाही. ते कोणाच्या तरी शेजारी उभं राहून बघावं लागतं, मग आपण करायचं आणि त्याने 'अंहं' म्हणायचं.

तेव्हा माझं मत पहिल्या गटाला. पण एक अट आहे. तंतू कातायच्या यंत्राकडे ढुंकूनही बघू नका. (हे माझ्यासारख्या आयडीने सांगावं म्हणजे कमालच.) तुमच्याकडे परत आल्यावर ते यंत्र आहे का? नसेल तर बोअर फ्लुइड, एअर गॅप, गुंडाळण्याचा वेग हे सगळं शिकून काय करणार? गंमत म्हणून एक दिवस बघा. आपल्या घरच्या साधनांत जे करता येईल त्यावरच हात बसवून या.

आता उपाय. जाण्याआधी सहा आठवडे त्यांच्याकडून दोन गोष्टी मागवून घ्या: सुरक्षा प्रशिक्षणाची यादी आणि यंत्रांच्या नोंदवहीची सद्यस्थिती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ तिथे पोचल्यावर मागितलीत तर परतीच्या विमानात बसल्यावर मिळेल.

निवृत्त_ऑपरेटर

मी शिकलेला माणूस नाही, आरओ प्रकल्पावर पंचवीस वर्षं काढली. प्रश्न एकच. तुमच्या चाचणीच्या सेलमध्ये, म्हणजे पट्टी बसवता त्या डबीत, थर्मामीटर आहे का?

ओली_पट्टी

सेलमध्ये नाही. खोलीचं तापमान लिहून ठेवते.

निवृत्त_ऑपरेटर

मग आधी तो घ्या, परदेशाचं नंतर बघू.

समीकरण

आजोबांचा मुद्दा मी आकड्यांत मांडतो. पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) २० अंशांना १.०० मिलिपास्कल-सेकंद असते आणि २५ अंशांना ०.८९. म्हणजे मेम्ब्रेनला हात न लावता नुसत्या पाच अंशांत प्रवाह बारा-तेरा टक्के वाढतो. आरओसारख्या घट्ट मेम्ब्रेनमध्ये त्याहून थोडा जास्तच. पंपाने टाकीतलं पाणी तापतं ते वेगळं. कित्येकांची 'कामगिरीत सुधारणा' या तेरा टक्क्यांतच बसते.

आणि मॉडेलिंगच्या गटाला सगळ्यांनी न बघताच बाद केलंत, म्हणून दोन शब्द. आरओमधून पाणी नेमकं कसं जातं यावर अजून वाद चालू आहे. वर्षानुवर्षं सगळे द्रावण-विसरण मॉडेल शिकत आले: पाणी पॉलिमरमध्ये विरघळतं आणि विसरणाने पलीकडे जातं. २०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये एका गटाने मांडलं की नाही, ते दाबाखाली सूक्ष्म छिद्रांतून वाहतं. त्यावर दोन्ही बाजूंनी जोरदार लिखाण झालं. ज्या खोलीत हा वाद चाललाय तिथे तीन महिने बसायला मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही.

पोकळ_तंतू

समीकरणराव, मान्य. पण हे ऑनलाइनही ऐकता येतं. रोलर ऑनलाइन फिरवता येत नाही.

समीकरण

वादाचा व्हिडिओ मिळतो हो. फळ्यापाशी उभं राहून 'हे मला कळलं नाही' म्हणायची सोय व्हिडिओत नसते. असो, त्यांच्या प्रश्नाला माझंही मत पहिल्या गटालाच आहे. फक्त त्यांच्या क्रॉसफ्लो सेलचा (ज्यात पाणी पट्टीला समांतर वाहतं) वस्तुमान-स्थानांतरण गुणांक, म्हणजे पृष्ठभागावरचं मीठ किती वेगाने निघून जातं तो आकडा, विचारून घ्या. तो माहीत नसेल तर पृष्ठभागावर साठलेल्या मिठाचा दोष तुम्ही मेम्ब्रेनच्या माथी माराल.

यजमान

मी नाण्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. युरोपातल्या एका मेम्ब्रेन प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. दरवर्षी असे पाहुणे येतात. आमच्या बाजूने चार गोष्टी.

विद्रावकांबद्दल. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच मुलांना एनएमपी किंवा डीएमएफ उघड्या टेबलावर ओतायची सवय असते. युरोपीय संघात एनएमपीवर मे २०२० पासून आणि डीएमएफवर डिसेंबर २०२३ पासून निर्बंध आहेत. श्वासावाटे आणि त्वचेवाटे किती जाऊ शकतं याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. त्यामुळे इथे ते काम वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली, योग्य हातमोज्यांतच होतं आणि शक्य तिथे दुसरा विद्रावक वापरायला सांगतात. तुमची आधारपट्टी डीएमएफमध्ये कास्ट होत असेल आणि इथे डीएमएसओ देऊ केला, तर मेम्ब्रेन बदलणार. विद्रावक आणि पाणी एकमेकांत किती वेगाने मिसळतात त्यावरच तर छिद्रांची ठेवण ठरते. हे आधी विचारून ठेवा. एकीने पाचव्या आठवड्यात विचारलं होतं.

सामानाबद्दल. हेक्झेन, टीएमसी वगैरे बॅगेत घालून आणायचा विचारही नको. रसायनं इथे मिळतात. आणायच्या त्या पट्ट्या. ओल्या पट्ट्या प्रवासात वाळल्या की छिद्रं आक्रसतात आणि पुन्हा भिजवून पूर्वीसारखी होत नाहीत. ग्लिसरीनच्या पाण्यात मुरवून, पिशवी सीलबंद करून आणा. आणि प्रत्येक पट्टीचा एक ठरावीक कोपरा कापून ठेवा, वरची बाजू कोणती हे कळायला. ही चूक पीएचडी झालेलेही करतात.

इथून परत जाताना कोणी मोठं फिल्ट्रेशन युनिट भेट देतो म्हणालं तर कागदपत्रं आधी बघा. जागेवरच निर्जंतुक करता येणारं, एक चौरस मीटर किंवा त्याहून जास्त क्षेत्रफळाचं क्रॉसफ्लो उपकरण ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या (रासायनिक-जैविक शस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या देशांच्या गटाच्या) निर्यात-नियंत्रण यादीत येतं, कारण त्याने जंतूही गोळा करता येतात. तळहाताएवढ्या सेलला ही अडचण नाही.

आणि शेवटचं, जरा मनातलं. पाहुणा स्वतःचा प्रश्न घेऊन आला तर आम्हाला फार बरं वाटतं. 'काहीही द्या, शिकेन' म्हणणाऱ्याला आमचे लोक भांडी धुवायला लावतात. वाईट हेतू नसतो, त्यांना वेळ नसतो.

शंकासुर

यजमानताई, वरची बाजू-खालची बाजू यावर एवढं काय? पट्टी ती पट्टी.

पोकळ_तंतू

अहो, या 'पट्टी ती पट्टी'तूनच आपला सगळा धंदा उभा राहिला! लोब आणि सौरीराजन लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्ट्यांवर काम करत होते. एकच पट्टी एकदा मीठ अडवायची, एकदा नाही. उलगडा झाला तो असा, की पट्टीच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या, एक घट्ट, एक सैल. ती घट्ट बाजू खाऱ्या पाण्याकडे केली की काम व्हायचं. त्यातूनच पातळ कातडी आणि खाली सच्छिद्र अंग अशी रचना मुद्दाम घडवायचा मार्ग सापडला, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला आरओचं पाणी मिळालं.

पुढचं तर या धाग्यालाच लागू आहे. सौरीराजन नंतर कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत गेले, लोब इस्राएलला गेले, आणि दोन्हीकडे मेम्ब्रेनचं काम रुजलं. पेपर टपालानेही जाऊ शकला असता, पण माणसं गेली.

नवखा_रेणू

मध्येच घुसतोय. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. तीन महिन्यांऐवजी सरळ मास्टर्सच बाहेर केलं तर? युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडस कार्यक्रमात मेम्ब्रेनचा वेगळा अभ्यासक्रम असतो असं ऐकलंय.

पोकळ_तंतू

ईएम३ई म्हणताय. माँपेलिये, तुलूझ, प्राग, लिस्बन, सारागोसा आणि ट्वेन्टे इथल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वेगवेगळ्या देशांत सत्रं, त्यामुळे ओळखी भरपूर. प्रवेश आणि शिष्यवृत्तीची यंदाची स्थिती त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, जुन्या धाग्यांवर विसंबू नका.

युरोपबाहेर बघायचं तर सिडनीला न्यू साउथ वेल्स विद्यापीठात युनेस्कोच्या नावाचं मेम्ब्रेन केंद्र आहे, सिंगापूरला नानयांगमध्ये आहे, मलेशियात जोहोरला, जपानात कोबेला, सौदीत काउस्टला. प्रत्येकाचा हातखंडा निराळा. यादी बघून हुरळून जाऊ नका, गेल्या दोन वर्षांत त्या गटातून कोणते पेपर आले ते वाचा.

पीएचडीसाठी युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या डॉक्टरल नेटवर्कच्या जागा येतात. त्यात एक मेख आहे: ज्या देशात जागा आहे त्या देशात आधीच्या ३६ महिन्यांपैकी १२ पेक्षा जास्त महिने राहिलेले चालत नाही. माझा एक मित्र नेमका मास्टर्सच्याच देशात अर्ज करून बसला होता.

शंकासुर

आता खरा प्रश्न विचारतो, चेष्टा नाही. याला 'आदानप्रदान' म्हणतात. मी दहा वर्षं बघतोय, माणसं एका दिशेने जातात. तिथल्या गटाला तीन महिने फुकटचे हात मिळतात, पेपरात त्यांचं नाव शेवटी मोठ्या जागेवर येतं, आणि आमच्याकडे परत येतो तो एक प्रमाणपत्र आणि चिडचिड घेऊन, कारण तिथलं यंत्र इथे नाही. तिकडून इकडे शिकायला कोण येतं?

यजमान

कडवट आहे, पण उत्तर 'फार कमी' हेच आहे. कागदावर सोय आहे. मारी क्युरीच्याच स्टाफ एक्स्चेंजमध्ये एक महिन्यापासून बारा महिन्यांपर्यंत माणसं पाठवता येतात, तंत्रज्ञसुद्धा, आणि परत येऊन शिकलेलं वाटायचं हा त्यातला हेतूच आहे. पण आमच्या इथे कोणी तंत्रज्ञाला पाठवत नाही. प्राध्यापक जातात, व्याख्यान देतात, येतात. रोलर तंत्रज्ञाच्या हातात असतो.

निवृत्त_ऑपरेटर

तिसऱ्या जागेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बाईंच्या सेलमध्ये पट्टी केवढी?

ओली_पट्टी

४२ चौरस सेंटीमीटर.

निवृत्त_ऑपरेटर

आमचं एक आठ इंची एलिमेंट, म्हणजे गुंडाळी केलेलं मेम्ब्रेन, साधारण ३७ चौरस मीटरचं. तुमच्या पट्टीच्या जवळजवळ नऊ हजार पट. अशी सहा-सात एका नळकांड्यात एकामागे एक. पहिल्याला शेवाळी चिकटा धरतो, शेवटच्याला क्षार बसतात, कारण तिथपर्यंत पाणी घट्ट झालेलं असतं. खराब एलिमेंट उचललं की वजनावरूनच कळतं आत काय आहे. मग ते उभं चिरून उलगडायचं, वास घ्यायचा, पानावर बोट फिरवायचं. त्याला शवविच्छेदनच म्हणतात.

तीन महिने प्रकल्पावर राहा म्हणत नाही. दोन दिवस जा आणि एक एलिमेंट चिरताना बघा. आणि गाळाचा निर्देशांक, एसडीआय, स्वतः काढा. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, पंधरा मिनिटं, घड्याळ आणि मोजपात्र. पाचच्या वर गेला तर ते पाणी मेम्ब्रेनवर सोडायचं नाही. तुमच्या शुद्ध पाण्यात मीठ घालून केलेल्या चाचण्या बघून हसू येतं, राग मानू नका.

ओली_पट्टी

राग कसला! सगळ्यांचे आभार. पहिला गट ठरवला. थर्मामीटर घेतला. परत आल्यावर लिहिते.

*(पाच महिन्यांनंतर)*

ओली_पट्टी

धागा वर काढतेय. जाऊन आले.

निघताना माझ्याच हातच्या बारा पट्ट्या केल्या. सहा इथे तपासल्या, सहा ग्लिसरीनमध्ये मुरवून नेल्या. तिथे पहिल्याच आठवड्यात तपासल्या तर पाण्याचा प्रवाह माझ्या आकड्याच्या दोन-तृतीयांश. रात्रभर झोप नाही. वाटलं, प्रवासात मेल्या.

तिथल्या तंत्रज्ञबाईंनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. तापमान किती होतं? दाबाखाली किती वेळ बसू दिलीस? सेल कोणता? आमच्याकडे पाणी ३० अंशांचं निघालं (थर्मामीटर!), तिथे २५. श्यानता ०.८० विरुद्ध ०.८९, म्हणजे दहाएक टक्के तिथेच गेले. दुसरं, मी दाब दिल्यावर दहा मिनिटांत मोजायला लागत होते. ते आधी दोन तास नुसतं दाबून ठेवतात, आधारपट्टी चेपून स्थिर होईपर्यंत. उरलेला सगळा फरक बहुतेक यातच होता. नंतर मी त्यांच्या सेलमध्ये पहिल्या दहा मिनिटांत मोजून पाहिलं, माझा जुना आकडा जवळपास परत आला. पट्ट्या ठणठणीत होत्या. माझे आधीचे दीड वर्षाचे आकडे मात्र आता पुन्हा तपासायचे आहेत.

रोलरबद्दल पोकळ_तंतू म्हणाले ते अक्षरशः खरं. मी जोरात दाबत होते. त्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून फिरवला. रोलरच्या स्वतःच्या वजनाने जेवढं निथळेल तेवढंच, मग पट्टीवरची चमक जाऊन ती मंद दिसू लागेपर्यंत थांबायचं. सेकंद मोजायचे नाहीत, कारण हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते बदलतात. आता दहापैकी सात निघतात.

समीकरण

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही त्याच पट्ट्या दोन ठिकाणी तपासल्यात. हे फार कमी लोक करतात. फॉरवर्ड ऑस्मोसिसमध्ये (दाबाऐवजी दाट द्रावणाने पाणी ओढण्याच्या पद्धतीत) २०१३ साली सात प्रयोगशाळांनी दोन व्यापारी मेम्ब्रेन एकाच पद्धतीने तपासून प्रमाण कृती मांडली होती. तसं प्रत्येक आदानप्रदानात छोट्या प्रमाणावर झालं तर निम्मे 'विक्रमी' आकडे गळून पडतील. तुमचा हा तक्ता छापा.

ओली_पट्टी

मार्गदर्शक म्हणतात त्यात नवीन काय आहे.

पोकळ_तंतू

+१ समीकरणला. आणि मार्गदर्शकांना नम्रपणे सांगा, परिशिष्टात तरी टाका.

नवखा_रेणू

ताई, प्रकल्पावर गेलात का? एलिमेंट चिरलं?

ओली_पट्टी

एक दिवस. शेवटचं एलिमेंट चिरलं, पानावर पांढरी खर होती, बोटाला खरखरीत. त्यांनी आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मला बघायचं होतं पहिलं एलिमेंट, ते आदल्या आठवड्यात टाकून दिलेलं.

शंकासुर

आणि प्रदान? तिकडून कोणी येणार का?

ओली_पट्टी

येणार! माझ्या हाताचा रोलर सरळ करणाऱ्या त्याच तंत्रज्ञबाई, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस. त्यांची प्रयोगशाळा बारा महिने कोरडी असते. आमच्या दमट खोलीत कास्ट केलेल्या आधारपट्टीवर छिद्रं मोठी दिसतात. बुडवायच्या आधीच हवेतली वाफ द्रावणात शिरून काम सुरू करत असावी. त्यांना ते मुद्दाम करून बघायचंय आणि त्यांच्याकडे तशी खोली नाही. खर्च त्यांचा गट करतोय.

शंकासुर

शब्द मागे घेतो. निदान पंधरा दिवसांपुरते.

निवृत्त_ऑपरेटर

त्यांना कळवा, थर्मामीटर आणायची गरज नाही.